आयपी मेसेंजर : देवगडच्या पॅकिंग शेडमध्ये नऊ महिने

सात संगणक, एक राउटर, एक आठ पोर्टचा स्विच (केबली एकत्र जोडायचा डबा). ऑफिस वर रस्त्याला, हापूसची पॅकिंग शेड खाली, मध्ये साठेक मीटर केबल. वाय-फायचा नाद आधीच सोडला होता. जांभ्याच्या दोन भिंती ओलांडल्या की सिग्नल उरत नाही. ऑक्टोबर ते जूनअखेर आयपी मेसेंजर, म्हणजे एकाच नेटवर्कवरच्या संगणकांमध्ये निरोप आणि फाइल पाठवायचा प्रोग्रॅम, रोज वापरला. फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, आणि इंटरनेट गेलं तरी चालतो. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की व्हॉट्सॲप वेब बसलंच, पण ‘पाच डझनी पेट्या ४०, सहा डझनी २५, गाडी सव्वासहाला’ हा निरोप शेडमधून वर पोचतो.

प्रोग्रॅम जुना आहे, जपानच्या हिरोआकी शिरोउझू यांनी १९९६ साली काढलेला. सुरू झाला की यूडीपी (पोच न मागता पाठवायची पद्धत) २४२५ पोर्टवरून, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारातून, सगळ्या नेटवर्कला हाक देतो. जे ओ देतात ते यादीत दिसतात. फाइल जाते टीसीपी (पोच घेत पाठवायची पद्धत) २४२५ वरून. बहुतेक भानगडी या हाकेपाशीच होतात.

पहिली भानगड फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या राखणदाराची. विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं असेल तर आपली हाक बाहेर जाते, पण दुसऱ्याची आत येत नाही. मग तो संगणक बाकीच्यांच्या यादीत दिसतो, पण त्याला पाठवलेले निरोप पोचतीलच असं नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये या प्रोग्रॅमला परवानगी द्या. अँटिव्हायरसची वेगळी फायरवॉल असेल तर तिथेही. फायरवॉलच बंद करून मोकळे होणारे असतात, तसं करू नका.

दुसरी भानगड जास्त वेळ खाते. शेडमध्ये जुना राउटर स्विचसारखा लावला आणि वरून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेटच्या केबलसाठीच्या खाचेत) खोचली, की शेडचे संगणक १९२.१६८.०.x आणि ऑफिसचे १९२.१६८.१.x असे दोन वाडे होतात. सगळ्यांना दिलेली हाक, म्हणजे ब्रॉडकास्ट, राउटर ओलांडत नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालू असतं, म्हणून केबलवर संशयही येत नाही. आधी जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ असा मोकळा पत्ता द्यायचा, त्याचं डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, मग केबल लॅन पोर्टात (आतल्या संगणकांसाठीच्या खाचेत) घालायची. क्रम हाच ठेवा, नाहीतर दोन राउटर पत्ते वाटत बसतात.

वीज गेल्यावरचं गणितही इथलंच. संगणकांना यूपीएस, राउटरला नाही, असं असेल तर तेवढ्यात नव्याने चालू केलेल्या संगणकाला पत्ता कोण देणार? तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो आणि यादीतून गायब होतो. राउटर आणि स्विच दोघांनाही छोटा यूपीएस द्या. स्विचचा ॲडॅप्टर मात्र वाचून घ्या: राउटर बहुधा १२ व्होल्टचा, स्विच ५ किंवा ९ चा असू शकतो.

वापरात सगळ्यात कामाचं म्हणजे ‘सील’. खूण करून पाठवलं की समोरच्याने निरोप उघडताच पाठवणाऱ्याला कळतं. ‘मला दिसलंच नाही’ हे बोलणं संपलं. फाइलचं उलट आहे. निरोपाबरोबर फक्त तिचं नाव जातं. समोरचा ती आपल्याकडे ओढून घेतो. पॅकिंग लिस्ट पाठवून संगणक बंद करून घरी गेलात, तर वरच्याला काही मिळणार नाही. आवृत्ती नवी घ्या, खूप जुनीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

नावावर विसंबू नका. यादीतलं नाव ज्याने त्याने स्वतः टाकलेलं असतं, कुणीही ‘मॅनेजर’ लिहू शकतो. ट्रकवाल्यांना आणि पाहुण्यांना वाय-फाय द्यायचं तर गेस्ट नेटवर्कवरच.

जूनमधली तक्रार सॉफ्टवेअरची नाही. खारी हवा आणि ओल यांनी केबलच्या टोकाच्या आरजे-४५ कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर धरतो. गिगाबिट वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जरी गेली तर वेग १०० मेगाबिटवर उतरतो किंवा जोडणी सारखी तुटते, आणि मेसेंजरच्या यादीत माणसं येजा करू लागतात. टोक कापून नवा कनेक्टर बसवला की थांबतं. दोन इमारतींमधली तांब्याची केबल वळवाचा गडगडाट सुरू होण्याआधीच दोन्ही टोकांनी काढून ठेवा, पुढच्या हंगामाला तिथे फायबरच ओढा.