फाउंडर्स ऑनलाइन: ॲबिगेल ॲडम्स यांची पत्रं वाचताना

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ही साइट काही महिने वापरतोय, तीही जवळजवळ एकाच व्यक्तीसाठी. दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पत्नी ॲबिगेल. साइट फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. लेखकाच्या नावाची चाळणी लावली की बाईंची पत्रं तारखेनुसार समोर येतात. स्पेलिंग मात्र त्यांचंच ठेवलंय, त्यामुळे आजच्या स्पेलिंगनं शोधून काही सापडलं नाही तर तारखेनं शोधा. हस्ताक्षर पाहायचं असेल तर मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर नवरा-बायकोच्या पत्रांची छायाचित्रं आहेत.

बाईंचं नाव निघतं ते ३१ मार्च १७७६ च्या पत्रामुळे: नवे कायदे करताना बायकांना विसरू नका. जॉननी ते हसण्यावारी नेलं. पण सलग वाचल्यावर मला जास्त भावली ती व्यवहारी बाई. स्वातंत्र्ययुद्धात बॉस्टनकडे टाचण्या मिळेनात तेव्हा नवऱ्याकडे टाचण्या मागणारी. पुढे तो युरोपातून माल पाठवी आणि त्याच्या विक्रीवर इकडे घर चाले. जॉनना जमिनीचा सोस, बाईंचा भरवसा सरकारी रोख्यांवर. आणि फायदा रोख्यांनीच करून दिला. विवाहित स्त्रीच्या नावावर कायद्यानं काही राहत नसताना त्यांनी १८१६ मध्ये स्वतःचं मृत्युपत्र केलं!

विरोधक त्यांना टोमण्यानं ‘मिसेस प्रेसिडेंट’ म्हणत, म्हणजे नवऱ्याच्या कारभारात बाईंचंच चालतं असं. त्यात निव्वळ द्वेष नव्हता. फेब्रुवारी १७९७ मध्ये घरातल्या जेम्स या काळ्या नोकर मुलाला शाळेत बसू द्यावं म्हणून शेजाऱ्याशी भांडणाऱ्या याच बाई १७९८ मध्ये नवऱ्यावर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याच्या बाजूनं होत्या. ‘बायकांना विसरू नका’ छापलेल्या मगवर हे कोण लिहिणार?

सुरुवात २१ नोव्हेंबर १८०० च्या, मुलीला लिहिलेल्या पत्रानं करा. व्हाइट हाऊसमध्ये नुकत्याच राहायला आल्यात. एक खोली धड पूर्ण नाही, नोकरांना बोलवायला घंटा नाही, चहूकडे जंगल असून सरपण मिळत नाही, आणि भल्यामोठ्या अर्धवट दिवाणखान्यात कपडे वाळत घातलेत. हे सगळं सांगून झाल्यावर मुलीला बजावतात: हे तुझ्यापाशीच ठेव, कुणी विचारलंच तर जागा सुंदर आहे म्हणून सांग.