संग्रहालय पुन्हा उघडताना मिळालेली मदत: कामाला काय आलं, कागदावर काय राहिलं

कोरोना महामारीत संग्रहालयांना मदत तीन वाटांनी आली: दारं उघडण्याच्या नियमावल्या, ऑनलाइन प्रशिक्षण आणि पैसा. युनेस्कोने मे २०२० मध्ये सांगितलं की जगातल्या सुमारे ९५,००० संग्रहालयांपैकी ९० टक्के बंद आहेत. जवळपास १३ टक्के कदाचित पुन्हा उघडणारच नाहीत, असाही अंदाज त्याच सुमारास पुढे आला. आपल्याकडे केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची नियमावली नोव्हेंबर २०२० मध्ये निघाली आणि १० नोव्हेंबरपासून मंत्रालयाच्या अखत्यारीतली संग्रहालयं उघडली. या सगळ्या मदतीचं हे परीक्षण छोट्या संग्रहालयाच्या बाजूने केलेलं आहे. तीन-चार खोल्या, एक अभिरक्षक (क्युरेटर), दोन मदतनीस, एसी नाही आणि चार महिने पाऊस, असं संग्रहालय डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

नियमावल्या माणसांसाठी चांगल्या होत्या. मास्क, सहा फुटांचं अंतर, दाराशी ताप तपासणं, ऑनलाइन तिकीट, एकाच दिशेने फिरणं, यात खोट काढण्यासारखं काही नाही. अडचण वस्तूंच्या बाबतीत झाली. आरोग्य मंत्रालयाने त्या काळात सार्वजनिक जागांमधल्या वातानुकूलनासाठी २४ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ४० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असा पल्ला दिला होता. कार्यालयाला तो चालतो. संग्रहालयात मात्र आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की चामडं, कापड आणि कागदावर बुरशी धरते. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनही पैठणीवर डाग पडू शकत होते. वस्तूंच्या दालनासाठी वरची मर्यादा ६० धरा. पावसाळ्यात तीही गाठणं कठीण जातं, पण लक्ष्य तेच ठेवा.

निर्जंतुकीकरणाचा सल्ला याहून जास्त नुकसान करून गेला. फरशी आणि पृष्ठभागांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट सांगितलं होतं. बाजारातलं ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी, ३.५ टक्क्यांचं असेल तर अडीच भाग पाणी. हिशेब बरोबर आहे, जागा चुकली. हायपोक्लोराइटची वाफ आणि शिंतोडे म्हणजे क्लोरीन, आणि तांबं-कासं-पितळेला क्लोराइडइतका वाईट शत्रू दुसरा नाही. फवारणी झालेल्या दालनातल्या काशाच्या मूर्तीकडे टॉर्च घेऊन जवळून पाहा. कानामागे, कमरेच्या घडीत, पीठाच्या खालच्या कडेला फिकट हिरवी भुकटी दिसेल. तिच्यावर मऊ ब्रश टेकवला की ती सुटून येते आणि खाली खड्डा दिसतो. जुनी पाटिना, म्हणजे धातूवर वर्षानुवर्षं जमलेला थर, गडद, घट्ट आणि गुळगुळीत असते, ब्रशने हलत नाही. भुकटी दिसली तर मूर्ती चिंच लावून घासू नका, पाण्याने धुऊ नका. मूर्ती वेगळी काढा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली न्या आणि संवर्धकाला बोलवा.

फरशी पुसायचीच असेल तर फवारा न मारता फडकं पिळून पुसा. शोकेसच्या पायापासून हातभर जागा सोडा आणि तेवढ्या पट्ट्यात नुसतं साबणाचं पाणी वापरा. या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं आणि ते साबणाने फुटतं. हायपोक्लोराइट आणि संडासाचं अ‍ॅसिड एकाच बादलीत कधीच घालू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

सॅनिटायझर हाताला हवा, वस्तूला नको. ७० टक्के अल्कोहोलमध्ये लाखेचं पॉलिश विरघळतं. जुन्या सागवानी कपाटावर बाटली ठेवली की तिच्या बुडाचं पांढरं कडं कायमचं उमटतं. अ‍ॅक्रिलिकच्या शोकेसवर अल्कोहोल मारलं तर कापलेल्या कडांपासून बारीक भेगांचं जाळं पसरतं, आणि ते पॉलिश करूनही जात नाही. शोकेसच्या आतून काही पुसू नका. बाहेरून पुसायचं तर पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाका, मऊ सुती फडकं ओलसर करा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. पायाने दाबायचा स्टँड दाराशी, फरशीवर, उघड्यावर मांडलेल्या वस्तूंपासून दूर ठेवा. पाच-पाच लिटरचे कॅन भांडारात साठवू नका, अल्कोहोल पेट घेतं.

त्या वर्षी अतिनील किरणांच्या पेट्याही बऱ्याच खपल्या. संग्रहालयासाठी त्या घेऊ नयेत. किरण जिथे थेट पडतात तेवढंच निर्जंतुक होतं, घडीच्या आत आणि पानांच्या मध्ये काही होत नाही. शिवाय रंग उडतात आणि कागद कडक होतो.

त्या तुलनेत फुकट मिळालेली एक गोष्ट खरंच मोलाची होती, ती म्हणजे अमेरिकेतल्या रेआल्म प्रकल्पाच्या चाचण्या. पुस्तकं आणि संग्रहातल्या नेहमीच्या साहित्यावर विषाणू किती दिवस राहतो, हे प्रयोगशाळेत तपासून त्यांनी टप्प्याटप्प्याने जाहीर केलं. सुटी ठेवलेली पुस्तकं आणि डीव्हीडीची खोकी तिसऱ्या दिवशी स्वच्छ निघाली. तशाच वस्तू एकमेकींवर रचल्या तेव्हा सहाव्या दिवशीही विषाणू सापडला. यातून मिळणारी सूचना अगदी साधी: हाताळलेली वस्तू पुसू नका, वेगळी ठेवा, आणि थप्पी न करता पसरून ठेवा. एक टेबल, त्यावर तारखेची चिठ्ठी, बस. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने पृष्ठभागाला हात लावून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचं सांगितलं. त्यानंतरही फरशा आणि कठडे घासण्यावर पैसा खर्च होत राहिला आणि खिडक्या बंदच राहिल्या, हे मनाला लागतं.

हवा खेळती ठेवणं हेच खरं काम, आणि संग्रहालयात तेच सगळ्यात अवघड. खिडकी उघडली की धूळ आणि दमट हवा आत येते. यावर वाट अशी: तिकीटघर, व्हरांडा, बैठकीची खोली, म्हणजे माणसं थांबतात त्या जागा उघड्या ठेवा. वस्तूंच्या दालनात माणसं कमी सोडा आणि खिडक्या दुपारी, बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच उघडा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र घ्यायचं तर एनडीआयआर (इन्फ्रारेडने मोजणाऱ्या) सेन्सरचं घ्या. आकडा १००० पीपीएमच्या वर गेला की पुढचा गट बाहेर थांबवा. किती माणसं सोडायची याचा हिशेब दालनाच्या क्षेत्रफळावर करू नका, सगळ्यात अरुंद जागेवर करा. दोन शोकेसमधली वाट चार फुटांची असेल तर दालन कितीही मोठं असो, तिथे दोन माणसं समोरासमोर आली की अंतर संपलं.

नियमावल्यांमध्ये न सापडणारी एक गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण खरं नुकसान तिथे झालं. महिनोन्‌महिने बंद राहिलेलं दालन उघडायचं कसं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. रायगड-रत्नागिरीत कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती आणि टाळेबंदीही चालू होती. अशा दालनाचं दार उघडून सगळे पंखे एकदम लावले की दोन गोष्टी होतात: बुरशीचे बीजाणू सगळ्या खोलीभर उडतात आणि ओलं लाकूड झटकन सुकून तडकतं.

आधी एकच माणूस एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून टॉर्चसह आत जावा. टॉर्च भिंतीला समांतर, तिरकी धरावी. समोरून धरली तर बुरशीची लव दिसत नाही. लाकडाखाली पिठासारखा ताजा भुसा, कागदाच्या कडांना कसर, भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेषा आणि छताला ओल हे सगळं पाहून फोटो काढावेत. कशालाही हात लावू नये. आर्द्रतामापक तीन ठिकाणी ठेवावा: दाराशी, बाहेरच्या भिंतीलगत आणि भरलेल्या कपाटात. मग हवा हळूहळू बदलावी. दिवसाला आर्द्रता पाच टक्क्यांहून जास्त उतरू नये, असा साधारण ठोकताळा ठेवावा. बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर ती धाग्यांत शिरते. आधी ती सुकू द्यावी, मग हेपा फिल्टरच्या (अतिबारीक कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमच्या तोंडापाशी मऊ ब्रशने ढकलावी.

स्वस्त आर्द्रतामापक चालतो, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि ते ओलं चिंब होईल, पण विरघळणार नाही, इतकंच पाणी घाला. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७० दिसले तर ७५ च्या आसपास हे यंत्र पाच कमी दाखवतं, असं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. सिलिका जेलच्या बाबतीत फसवणूक मात्रेची होते. एक घनमीटर शोकेससाठी सुमारे २० किलो जेलचा हिशेब धरतात. बुटांच्या खोक्यातल्या पाच ग्रॅमच्या पुड्या कोपऱ्यात टाकल्याने फक्त मनाला समाधान मिळतं.

प्रशिक्षणात वेबिनार भरपूर झाले. नोंदी, धोरण, आपत्तीचं नियोजन हे विषय पडद्यावर शिकवता येतात. मूर्ती दोन हातांनी कुठे धरायची, पोथी कशी उलगडायची, हे पडद्यावर येत नाही. शिवाय वेबिनारला अभिरक्षक बसतो आणि वस्तू उचलतो मदतनीस.

या सगळ्यात मनापासून शिफारस करावी अशी एक पद्धत आहे: भांडार नव्याने लावण्याची इक्रोमची री-ऑर्ग. वारसा जतनाचं काम करणाऱ्या रोमच्या या संस्थेने युनेस्कोबरोबर ती खास छोट्या संग्रहालयांसाठी, सुमारे १०,००० वस्तूंपर्यंतच्या संग्रहांसाठी बांधली. पुस्तिका आणि तक्ते फुकट आहेत. २०११ साली १३६ देशांत केलेल्या पाहणीत भांडारातले ६० टक्के संग्रह धोक्यात असल्याचं दिसलं, त्यावरचा हा उपाय. आपल्याकडे त्याची गरज किती, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे पाहिलं तरी कळतं. वस्तू २०,००० च्या वर, मांडलेल्या त्यातल्या सुमारे अडीच हजार. बाकी सगळ्यांचं आयुष्य भांडारातच जातं. आणि प्रेक्षक नसलेला काळ भांडार लावायला सगळ्यात चांगला.

री-ऑर्गच्या कसोट्या मोजता येतात, म्हणून त्या आवडतात. कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. जमिनीवर एकही वस्तू नको. भांडारात संग्रहाखेरीज काहीही नको, म्हणजे जुने बॅनर, मोडक्या खुर्च्या, सत्काराच्या शाली आणि आता सॅनिटायझरचे कॅन बाहेर. सुरुवात परीक्षेने करा. अ‍ॅक्सेशन रजिस्टरमधून, म्हणजे वस्तूंच्या नोंदवहीतून, डोळे मिटून दहा क्रमांक निवडा आणि घड्याळ लावून त्या वस्तू शोधा. मग उलट करा: कपाटातल्या दहा वस्तू घ्या आणि रजिस्टरमध्ये त्यांची नोंद शोधा. पहिल्या खेपेला वीसपैकी पाच-सहा जमल्या तरी निराश होऊ नका. त्यानंतर प्रत्येक फळीला पत्ता द्या, खोली-कपाट-फळी असा, उदाहरणार्थ ब-३-२. पत्ता रजिस्टरमध्ये पेन्सिलने लिहा, कारण तो बदलणार आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी कपाटं विकत घेणं. पद्धतीत आधी पाहणी, मग आराखडा आणि मगच सामान, असा क्रम आहे. नको ते बाहेर काढल्यावर अनेकदा नवं कपाट लागतच नाही. उणीवही सांगायला हवी. पुस्तिका जाड आहे आणि तक्ते भरताना छोट्या संस्थेची दमछाक होते. वरच्या चार कसोट्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भांडाराच्या दारावर लावल्या तरी अर्धं काम होतं. डिजिटल नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने बनवलेलं ‘जतन’ हे सॉफ्टवेअर मोठ्या सरकारी संग्रहालयांना योग्य आहे. एका अभिरक्षकाच्या संग्रहालयाने साध्या स्प्रेडशीटपासून सुरुवात करावी: क्रमांक, नाव, साहित्य, मापं, पत्ता, स्थिती, फोटो. फोटोत पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी हवीच.

पैशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये संस्कृतीसाठी १.५७ अब्ज पौंडांचा निधी जाहीर केला. त्याआधीच, एप्रिलमध्ये, तिथल्या लॉटरी हेरिटेज फंडाने ५ कोटी पौंडांचा आपत्ती निधी काढला होता, त्यात मागणी ३,००० पौंडांपासून करता येत होती. ही खालची मर्यादाच शिकण्यासारखी. छोट्या संग्रहालयाला वीजबिल, रखवालदाराचा पगार आणि छताची डागडुजी यासाठी थोडेच पैसे लागतात, पण ते त्याच महिन्यात लागतात. आपल्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना चांगली आहे, पण ती उभारणी आणि आधुनिकीकरणासाठी. प्रकल्प अहवाल हवा, स्वतःचा हिस्सा हवा. तिकीट विक्री बंद असताना तो हिस्सा आणायचा कुठून? कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टानुसार वारसा आणि कला यांना सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढलेला, पैसा देता येतो, पण मार्च २०२० नंतर कंपन्यांचं लक्ष साहजिकच आरोग्याकडे गेलं. ती वाट धरायची तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी लागते, आणि त्यासाठी १२-ए आणि ८०-जी ही आयकराची प्रमाणपत्रं आधी हातात हवीत. अर्ज करताना ‘संग्रहालयाला मदत’ असं मोघम लिहू नका. ‘चार आर्द्रतामापक, ४० किलो सिलिका जेल, एक हेपा व्हॅक्यूम, दोन मदतनिसांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण’ असं लिहा, दरपत्रकं जोडा आणि सोबत भांडाराचा एक फोटो द्या, कपाटाचं दार उघडं ठेवून काढलेला.