हिचिन की सॅफ्रन वॉल्डन? लंडनला नोकरी आणि जुन्या गावात घर हवं असेल तर

लंडनच्या बाहेर पण फार लांब नको, आणि गाव जुनं, बाजाराचं हवं, असं म्हणणारे आपल्यातले बरेच जण शेवटी या दोन नावांवर येऊन अडकतात. आम्हीही अडकलेलो. घरांचे भाव, शाळा वगैरे तुम्ही बघून ठेवलंच असेल, ते सोडतो.

दिसायला सॅफ्रन वॉल्डनच उजवं, त्यात वाद नाही. सोळाव्या शतकात इथल्या शेतांत खरंच केशर पिकायचं, गावाने त्यावर पैसाही केला आणि चिपिंग वॉल्डन हे जुनं नाव टाकून केशराचं नाव घेतलं (आता मात्र श्रीखंडासाठी केशर दुकानातूनच आणायचं, ती शेती कधीच संपली). १९३ फूट उंच मनोऱ्याचं सेंट मेरी चर्च, ओल्ड सन इन या जुन्या सराईच्या भिंतींवरचं गिलाव्यातलं नक्षीकाम, कॉमनवर (म्हणजे गावाच्या सार्वजनिक मैदानावर) गवतात कोरलेला चक्रव्यूह, पाहुणे आले की दाखवायला भरपूर आहे.

हिचिन त्यामानाने साधं. चर्च इथलंही सेंट मेरीच, शेजारून हिझ नदी जाते, नदी कसली, ओढाच म्हणा. पण ब्रिटिश स्कूल्स म्युझियम चुकवू नका, १८३७ ची शाळा, एकाच मोठ्या वर्गात ३०० मुलगे आणि मास्तर एक, म्हणजे मोठी मुलं लहानांना शिकवणार आणि मास्तर लक्ष ठेवणार. स्वभावाने दोन्ही गावं तशी भावंडंच, क्वेकर (ख्रिश्चनांतला एक पंथ) व्यापाऱ्यांनी वाढवलेली, दारूच्या भट्ट्या आणि बँका चालवणारी, आणि दोन्हीकडच्या त्या बँका १८९६ ला बार्कलेजमध्येच गेल्या.

मग फरक कुठे पडला? स्टेशनात. सॅफ्रन वॉल्डनचं स्टेशन सॅफ्रन वॉल्डनमध्ये नाहीच! नाव ऑडली एंड आणि जागा वेंडन्स अँबो नावाच्या खेड्यात, गावापासून दोनेक मैल. गावात पूर्वी स्वतःचं स्टेशन होतं पण ती रेल्वेची शाखा १९६४ ला बंद केली. आम्ही तिथे भाड्याने राहत होतो तेव्हा सकाळचं कसंबसं जमायचं, पण संध्याकाळी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून तासभर उभं राहून यायचं, बस नुकतीच गेलेली, टॅक्सीवाला फोन उचलत नाही, बाहेर पाऊस, मग बायकोला फोन, मग तिने अर्धवट झोपलेल्या पोराला कारमध्ये घालून यायचं, आणि वर ती म्हणणार तुझं ते केशराचं गाव तुलाच लखलाभ. दोन मैल म्हणजे काय मोठं अंतर, असं मीच आधी सगळ्यांना सांगत होतो.

हिचिनला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून फास्ट गाडीने अर्धा तास आणि स्टेशनपासून बाजारापर्यंत रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. कुणाला फोन नाही. शनिवारी बाजारात भाजी घ्यायची, डाळ-तांदळासाठी ल्यूटन शहर जवळच.

अर्थात हे आमचं झालं. ऑफिस केंब्रिजला असेल, घरात दोन गाड्या असतील, किंवा आठवड्यातून एकदाच लंडन गाठायचं असेल तर सॅफ्रन वॉल्डनला नाही म्हणायचं कारण मला तरी दिसत नाही. फक्त घर बघायला जाताना कारने जाऊ नका. नोव्हेंबरात, कामाच्या दिवशी, संध्याकाळच्या ट्रेनने जा आणि पुढे बसने गावात पोचून दाखवा, मग डिपॉझिटचं बोलू.