जुन्या पुस्तकातला सॉसेज-बटाटा: चिकन सॉसेज घ्यावं की गोव्याचं चोरीस?

ठाणे स्टेशनजवळच्या एका रद्दीवाल्याकडे मला कव्हर फाटलेलं एक जुनं इंग्रजी पाकपुस्तक मिळालं. त्यात रात्रीच्या जेवणाचा एक सोपा प्रकार होता, जेमतेम सहा ओळींचा. एक पौंड सॉसेज, दोन पौंड बटाटे, दोन कांदे. सॉसेज परतायचं, सुटलेल्या चरबीत कांदा टाकायचा, वर बटाट्याच्या जाड चकत्या आणि थोडं पाणी, मग झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम; आपण अर्धा किलो धरला तरी काही बिघडत नाही.

बिघडतं ते ‘सुटलेल्या चरबीत’ या दोन शब्दांपाशी. इंग्रजांचं सॉसेज कच्चं, डुकराच्या मांसाचं, चांगलं चरबीदार. आपल्याकडे फ्रीझरमध्ये मिळणारं चिकन सॉसेज बहुतेक वेळा आधीच शिजवलेलं असतं. ते कढईत पाच मिनिटं परतलं तर तळाला जेमतेम दोन चकचकीत ठिपके दिसले. त्यात कांदा काय परतणार? शेवटी दोन मोठे चमचे बटर घातलं. दुसरी चूक म्हणजे पुस्तकावर विश्वास ठेवून सॉसेज पाऊण तास आतच शिजू दिलं. फुगलं, उभं चिरलं आणि चावायला खोडरबर! पुढच्या वेळी परतून बाजूला काढलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत परत घातलं, तेव्हा कुठे जमलं. चव सौम्यच राहते, म्हणून भरपूर मिरपूड आणि चमचाभर मोहरीचा सॉस हवाच. मुलं मात्र बिनतक्रार खातात.

गोव्याचं चोरीस, म्हणजे तिथलं आंबट-तिखट सॉसेज, हे वेगळंच प्रकरण. एक स्नेही मांडवी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली माळ घेऊन आले होते. मणी ओवावेत तशी दोऱ्याने बांधलेली, लालभडक. डुकराचं मांस, सुकी मिरची, लसूण, माडाच्या माडीचं व्हिनेगर, भरपूर मीठ. वरची साल काढून आतलं मांस कढईत टाकलं की दोन मिनिटांत केशरी तेल सुटतं. पुस्तकाला हवं होतं ते हेच! तेलाचा थेंबही घालावा लागत नाही.

पण इथे पुस्तकाचा क्रम चालत नाही, आणि हे मी पाऊण तास गॅस जाळून शिकलो. कच्च्या चकत्या त्या रश्शात घातल्या, झाकण ठेवलं, चाळीस मिनिटांनी सुरी टोचली तर मधोमध अजून कचकच. दोष बटाट्याचा नव्हता, व्हिनेगरचा होता. आंबट रसात बटाट्याचं पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ, लवकर सुटत नाही, म्हणून तो मऊ व्हायलाच तयार नसतो. चिंच-कोकमाच्या आमटीत आंबट शेवटी घालतात, तोच हिशेब. तेव्हा बटाटे आधी साध्या पाण्यात उकडून घ्यायचे, मग चोरीसमध्ये दहा मिनिटं मुरू द्यायचे. मीठ अजिबात नाही. आणि एक पौंड तर नकोच. अर्धा किलो बटाट्याला दीडशे ग्रॅम चोरीस पुष्कळ झालं.

वासाचंही सांगतो. चिकन सॉसेज केल्याचं शेजारी कळत नाही. चोरीस केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या काकूंनी विचारलं, “काल लोणचं घातलंत का?” मी हो म्हणालो. घरात डुक्कर चालत नसेल तर प्रश्नच मिटला.

बटाट्याची निवडही यावरच ठरते. चिकनसोबत जुना, पिठूळ घ्यावा. तो थोडा विरघळला की पांचट रस्सा दाट होतो. चोरीससोबत पातळ सालीचा नवा घ्यावा, म्हणजे उकडूनही फोडी अख्ख्या राहतात.

कामावरून आठ वाजता घरी पोचून झटपट काही करायचं असेल आणि ताटावर लहान मुलं असतील, तर चिकन घ्या, बटरला कंजुषी करू नका. मोठ्यांचीच पंगत असेल आणि लादी पाव आणलेला असेल, तर मी डोळे मिटून चोरीस घेईन. उरलं तर सकाळी पावात भरून आणखी छान लागतं. चिकनवालं उरलं की मी ते कुस्करून, रव्यात घोळवून कटलेट तळतो.