थायरॉइडचं किट सात महिने वापरलं, केसांच्या कॅप्सूलने रिपोर्टच फिरवला

बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा. केसांसाठी बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेत असाल तर थायरॉइडची टेस्ट करायच्या आधी कमीत कमी दोन दिवस ते बंद ठेवा, आणि डॉक्टरांना आपणहून सांगा की मी हे घेते. मला हे कुणी सांगितलं नाही आणि त्यापायी माझे अडीच महिने वाया गेले.

किटचं नाव लिहीत नाही, सगळ्या किटांमध्ये थोड्याफार फरकाने तेच असतं. डाएट चार्ट, पंधरा दिवसांनी डाएटिशियनचा फोन, सेलेनियमची डबी, कॅल्शियम-आयर्नवाली मल्टिव्हिटामिनची डबी, केस आणि नखांची डबी, वर ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसलेलं पीठ. महिन्याला २,९९९ आणि सहा महिन्यांचे एकदम भरले तर सातवा फुकट. मी एकदम भरले, १७,९९४ रुपये. माझी थायरॉइडची गोळी रोजची दोन रुपयांच्या आतबाहेर पडते, तेव्हा हा खर्च मी किती विचार करून केला असेल ते समजा.

चार वर्षं झाली हाशिमोटो निघून. सासूबाईंनी तेव्हा विचारलेलं की हे जपानचं दुखणं सांगलीत कसं आलं, त्यांना सांगितलं की नाव तेवढं जपानी डॉक्टरांचं, त्यांनी १९१२ साली पहिल्यांदा लिहून ठेवलं, दुखणं सगळीकडचंच आहे. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर चालून जाते. गोळी ७५ ची चालू होती, टीएसएच (रक्तातला तो आकडा, जो थायरॉइड कमी पडलं की वाढतो आणि जास्त झालं की उतरतो) ठीक होतं, पण थकवा जात नव्हता आणि केस तर आंघोळीला बसलं की जाळीवर पुंजका. म्हणून किट.

पहिले दोन महिने खरंच छान गेले. रात्रीचं जेवण आठच्या आत, बिस्किटं-टोस्ट बंद, संध्याकाळी कृष्णाकाठी पाऊण तास चालणं. अंग हलकं वाटायला लागलं, झोप लागायला लागली. हे मी आजही चालू ठेवलंय आणि त्याचं श्रेय किटच्या डाएटिशियन ताईंना देते, त्या नेमाने फोन करायच्या.

पिठाचं मात्र मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. संपलं की किलोला ४२० रुपये, आणि आत काय तर तांदूळ, साबुदाणा, बटाट्याचा स्टार्च. आमच्याकडे शाळूची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या चालते, तिच्यात ग्लूटेन नसतंच. तिसऱ्या आठवड्यात मी पीठ बाजूला ठेवलं आणि दोन्ही वेळा भाकरी केली.

सेलेनियमचंही तसंच. कॅप्सूल २०० मायक्रोग्रॅमची, आणि चार्टमध्ये वर रोज तीन ब्राझील नट. एका नटमध्ये कधी ५० तर कधी ९० मायक्रोग्रॅम असतं, आणि दिवसाला सगळं मिळून ४०० च्या वर जाऊ नये असं सांगतात. जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात, म्हणजे ज्यासाठी घेतो तेच. मी नट बंद केले.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या महिन्यात, ऑगस्टच्या शेवटी, किटमधली घरपोच टेस्ट झाली. सॅम्पल न्यायला मुलगा सकाळी आठला आला, आणि मी चार्टप्रमाणे साडेसहालाच केसांची कॅप्सूल घेतलेली. रिपोर्ट आला, टीएसएच ०.०९, फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, वरच्या रेषेच्याही वर. वाचून कुणालाही वाटेल की गोळी जास्त होतेय. डाएटिशियन ताईंनी अभिनंदन केलं की ग्रंथी सुधारतेय, आणि आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून गोळी ७५ ची ५० केली. मी घरी येऊन पेढे आणले होते, खरं सांगते.

पुढे हळूहळू घसरण. सप्टेंबरात सगळे पंख्याखाली आणि मी चादर घेऊन. सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, पोट साफ नाही, बोलताना शब्द आठवायचा नाही, आणि केस आधीपेक्षा जास्त जायला लागले. ऑक्टोबरात परत घरपोच टेस्ट, टीएसएच ०.४. सगळे म्हणाले नॉर्मलच्या जवळ आलंय की, मग मला वाटलं वय असेल, ताण असेल. आमचे हे तर म्हणाले, तू रिपोर्टवर विश्वास ठेव, सारखं सारखं मनाला लावून घेऊ नकोस.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून डबे काढता काढता मी खाली बसले ती उठवेना. मग मॅडमकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, मला स्टुलावर गुडघे टेकायला लावलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन गेलं, पण परत यायला वेळ लागला, मला स्वतःला दिसत होतं, जसं काही पाण्यातून येतंय. मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट म्हणतोय थायरॉइड जास्त, आणि तुमचा पाय म्हणतोय कमी. केसांसाठी काही घेताय का?"

डबी पर्समध्येच होती. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं साधारण ३०. तीनशे पटीहून जास्त!

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. बऱ्याच मशीनमध्ये टेस्टचं रसायन पकडून ठेवायला बायोटिनचाच चिकटा वापरतात. रक्तात आधीच ढीगभर बायोटिन असलं की ते त्या जागा अडवून बसतं, मग टीएसएच खोटं कमी दिसतं आणि फ्री टी-४ खोटं जास्त. सगळ्या लॅबची पद्धत ही नसते, म्हणून एका ठिकाणी बिघडतं आणि दुसरीकडे बरोबर येतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) २०१७ सालीच याबद्दल इशारा दिलेला आहे. २०१७! आणि माझ्या डबीवर सोनेरी अक्षरात "निरोगी केस" एवढंच.

चार दिवस बंद ठेवून परत टेस्ट केली. टीएसएच १६.४.

गोळी परत ७५ झाली. ती रक्तात स्थिर व्हायला वेळ घेते म्हणून सहा आठवड्यांनी टेस्ट, डिसेंबरच्या शेवटी, ३.१ आलं.

त्याच भेटीत अजून दोन गोष्टी कळल्या, त्यामुळे सुरुवातीला किटबद्दल जे चांगलं मत होतं ते अर्धं बदललं. एक, चार्टमध्ये थायरॉइडची गोळी आणि अर्ध्या तासाने मल्टिव्हिटामिन असं लिहिलेलं. कॅल्शियम आणि आयर्न त्या गोळीला पोटात धरून ठेवतात, मध्ये चार तास हवेत. म्हणजे एका हाताने गोळी घेत होते आणि दुसऱ्या हाताने काढून टाकत होते. दुसरं, ग्लूटेन सोडायच्या आधी सिलिअ‍ॅकची (ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी करायला हवी होती, कारण माझ्यासारख्या ऑटोइम्यून थायरॉइडवाल्यांत सिलिअ‍ॅक जास्त सापडतो, आणि ग्लूटेन सोडून बसलं की टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. मला सहा आठवडे मुद्दाम चपात्या खायला लावल्या, मग टेस्ट केली. नाही निघाला. भाकरी आवडते म्हणून खाते, पण आता लग्नात पुरी सोडत नाही.

अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर चालून जाणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा, ७८० वरून ६१० झालं हे खरं आहे, सेलेनियमने ते काहींचं उतरतं म्हणे. पण मॅडमनी सांगितलं की तो आकडा वरखाली होतो, त्यावर गोळीचा डोस ठरत नाही. तेव्हा त्यासाठी पैसे घालायचे का ते आपापलं बघा, मी थांबवलं.

सगळ्यात मोठा फरक ज्याने पडला त्याला एक रुपया लागला नाही. सकाळी डब्यांची घाई, गोळी घेतली की दहा मिनिटांत चहा, हे माझं चार वर्षं चाललेलं, त्याने गोळी अंगी नीट लागत नव्हती. मॅडमनी गोळी रात्री घ्यायला सांगितली, जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना. आठला जेवण होतंच, अकराला गोळी. उशाशी बाटली आणि तांब्या. आता सकाळचा चहा उठल्या उठल्या, निवांत, कसलं गणित नाही. मार्चमध्ये टीएसएच २.२, डोस तोच.

कंपनीशी महिनाभर भांडले. पैसे परत मिळावेत हे होतंच, पण मुख्य मागणी एकच होती, डबीवर एक ओळ छापा की रक्ततपासणीआधी बंद ठेवा. आधी म्हणाले तुमचे रिपोर्ट तर आमच्याकडे नॉर्मल दिसतायत. मग म्हणाले सूचना नोंदवून घेतलीय. मग पुढच्या खरेदीवर वीस टक्क्यांचं कूपन पाठवलं. नणंदेची मुलगी उरलेल्या दोन बंद डब्या मागत होती, तिचीही थायरॉइडची टेस्ट त्याच आठवड्यात होती, मी दिल्या नाहीत. डब्या कंपनीला परत पाठवल्या, वर मार्करने मोठ्या अक्षरात तीच ओळ लिहून. कुरिअरचे १४० रुपये मीच भरले.