मिनआयन: डीएनएला एक नंबर, पण ब्लड मार्करसाठी घेताय तर थांबा

आमच्या लॅबमध्ये ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनीचं मिनआयन हे डीएनए वाचायचं (सिक्वेन्सिंगचं) छोटं मशीन वापरतो आणि "रोगाचे बायोमार्कर (म्हणजे रक्तात वगैरे दिसणाऱ्या रोगाच्या खुणा) शोधायला घेऊ का?" असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

डबी हातात मावते, यूएसबी लॅपटॉपला लावली की काम सुरू. २०१६ ला अंतराळवीर केट रुबिन्सनी स्पेस स्टेशनवर यावरच डीएनए वाचला होता! फ्लो सेलमध्ये (मशीनमध्ये बसवायची चिप, जिच्यात सॅम्पल सोडतात) २०४८ अतिसूक्ष्म छिद्रं, म्हणजे नॅनोपोर, असतात पण एका वेळी वाचतात फक्त ५१२, डीएनए छिद्रातून सरकताना करंट बदलतो त्यावरून अक्षरं कळतात. सॅम्पल भरायला (लोडिंगला) मात्र हात स्थिर हवा. आधी प्रायमिंग पोर्टमधून (फ्लो सेल तयार करायला लिक्विड भरतात त्या तोंडातून) थोडं लिक्विड उलटं ओढून बुडबुडा काढायचा, मग सॅम्पल थेंब थेंब सोडायचं, प्रत्येक थेंब आत शोषला गेला की पुढचा. बुडबुडा आत गेला तर तिथली छिद्रं गेलीच समजा. नीट जमलं की स्क्रीनवर हिरवे चौकोन भरत जातात, ते बघायला खरंच भारी वाटतं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पीसीआर (डीएनएच्या भरपूर कॉपी काढणं) न करता मूळ डीएनए वाचता येतो, त्यामुळे मिथिलेशनही (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) दिसतं. नेदरलँड्समध्ये ब्रेन ट्यूमरची २५ ऑपरेशन्स चालू असताना नॅनोपोर सिक्वेन्सिंग करून ९० मिनिटांच्या आत रिझल्ट काढले, १८ वेळा निदान बरोबर आलं आणि बाकी ७ वेळा पुरेशी खात्री झाली नाही (पेपर २०२३ चा).

पण रक्तातलं प्रोटीन मोजायचंय? मग हे तुमचं मशीन नाही, हे डीएनए वाचायला बनलंय. शिवाय मिनआयनमध्ये प्रत्येक चॅनेलला (एका वेळी वाचणाऱ्या प्रत्येक छिद्राला) करंट मोजायला स्वतंत्र वायरिंग लागतं, म्हणून छिद्रं हवी तेवढी वाढवता येत नाहीत. माझी सगळी आशा ऑप्टिकल नॅनोपोरवर आहे, म्हणजे करंटऐवजी प्रकाश बघायची पद्धत, त्यात छिद्रातून कॅल्शियम आलं की डाय (चमकणारं रंगद्रव्य) चमकतो, रेणू अडकला की चमक कमी होते आणि एकच कॅमेरा शेकडो छिद्रं एकदम बघतो. २०१५ ला ऑक्सफर्डच्या हेगन बेली आणि सहकाऱ्यांनी चौरस मिलिमीटरला साधारण १०,००० छिद्रांपर्यंत हे नेऊन दाखवलं, आणि २००५ ला ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनी काढणाऱ्यांत हेच बेली होते! कॅमेऱ्याचा वेग करंट मोजण्याइतका नसतो ही अडचण आहेच, पण तुरळक मार्कर पकडायला इतकी छिद्रं एकदम बघता येणं फार मोठी गोष्ट आहे.

बॅक्टेरिया, व्हायरस, मिथिलेशन असं काम असेल तर बिनधास्त घ्या. फ्लो सेल फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवा आणि आल्या आल्या चेक करा, ८०० पेक्षा कमी छिद्रं चालू दिसली तर वॉरंटीत बदलून मिळतो.