स्किनसाठी महिना कुठे घालवावा: खासगी क्लिनिक की सरकारी ओपीडी?

एमबीबीएस करतानाच स्किन जवळून बघायचं असेल तर साधारण दोन वाटा असतात. सुट्टीत ओळखीच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये ऑब्झर्व्हरशिप करायची, म्हणजे शेजारी बसून बघायचं, नाहीतर इलेक्टिव्ह, म्हणजे अभ्यासक्रमातला आपण विषय निवडायचा काळ, सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात घ्यायची. मी आधी क्लिनिक केलं, मग सरकारी. दोन्हीकडचा अनुभव एकेका जागेचाच आहे, तेव्हा तुमच्या गावात चित्र थोडं वेगळं असू शकेल.

क्लिनिकमध्ये मला मनापासून शिकवलं गेलं. एकेका पेशंटला पंधरा-वीस मिनिटं मिळायची. चाईच्या (गोल चकत्यांत केस जाण्याच्या आजाराच्या) कडेला दिसणारे, मुळाशी बारीक होत गेलेले उद्गारचिन्हासारखे केस मॅडमनी त्वचा मोठी करून दाखवणारा डर्मोस्कोप माझ्या हातात देऊन दाखवले. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू करण्याआधी मुलीशी गरोदरपणाचा विषय कसा काढायचा, तेही तिथेच ऐकलं. लेझर आणि पील सरकारीत मला जवळजवळ दिसलेच नाहीत.

पण तिथलं एक वाक्य अजून कानात आहे: ‘तुम्ही जरा बाहेर थांबता का?’ कपडे बाजूला करायची वेळ आली की मी बाहेर. पेशंटचं काहीच चुकत नव्हतं. परक्या मुलासमोर संकोच वाटणारच, आणि नको म्हणायचा हक्क त्याला सरकारीतही आहे. पण स्किन ही डोळ्यांनी शिकायची विद्या. दिवसाच्या वीसेक पेशंटपैकी सात-आठ जणांच्या वेळी मी रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलेला असायचो. नंतर मॅडम निदान सांगायच्या, मी लिहून घ्यायचो. तिसऱ्या आठवड्यात वही चाळली, तर त्यात टिनिया क्रुरिस, म्हणजे जांघेतला नायटा, पाच वेळा लिहिलेलं होतं आणि मी एकही पाहिलेला नव्हता. माझं मन तिथेच फिरलं.

सरकारी ओपीडीत सकाळी कुणालाच वेळ नसतो. रेसिडेंट, म्हणजे तिथेच पीजी करणारे डॉक्टर, एकाच वेळी दोन केसपेपर लिहीत असतात, बसायला जागा मिळत नाही, पहिले चार दिवस आपण नुसते आडवे येतो. पण पडद्यामागे रेसिडेंटबरोबर मीही असायचो, आणि ‘हा शिकाऊ डॉक्टर आहे, बघू दे का?’ असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणायचे. जांघेतला नायटा अखेर तिथे पाहिला, आणि तो पुस्तकासारखा नव्हताच. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं महिनोन्महिने लावल्याने कडा पुसल्या गेलेल्या, मधेच कातडी पातळ होऊन रेघा उमटलेल्या. रेसिडेंटने ब्लेड माझ्या हातात दिलं. कडेचा कोंडा काचेवर घ्यायचा, वर १० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पहिले दोन दिवस मी पेशींच्या कडांनाच बुरशी समजत होतो. पेशींच्या सीमा ओलांडून जाणारा, फांद्या फुटलेला तंतू एकदा नीट दिसला, की मग तो ओळखावा लागत नाही.

कुष्ठरोगही मी तिथेच पाहिला. २००५ च्या अखेरीस देशाने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्णांचा टप्पा गाठला, म्हणून वर्गात तो विषय भराभर संपवला जातो. ओपीडीत मात्र एक रिक्षावाले काका दंडावरचा फिका चट्टा घेऊन आले होते. ‘काका, डोळे मिटा, लागेल तिथे बोट ठेवा,’ म्हणत मी कापसाची वात टेकवत गेलो. चट्ट्याबाहेर बोट अचूक येत होतं, आत आलो की हात हलेना. मग रेसिडेंटने माझी बोटं त्यांच्या कोपरामागे नेली. अल्नर नर्व्ह दोरीसारखी जाड लागली.

पुढे कॉस्मेटिक प्रॅक्टिसच करायची हे पक्कं असेल, किंवा तुमच्या कॉलेजचा स्किन विभाग अगदीच रिकामा असेल, तर क्लिनिक वाईट नाही. पीजीच्या प्रवेशाला दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे नाही. तिथे नीट-पीजीसारख्या प्रवेश परीक्षेची रँकच चालते. त्यामुळे प्रश्न उरतो तो शिकण्याचा, आणि महिना एकच असेल तर मी तरी सरकारीच धरेन.

तिथे गेलात तर एक वाजता मित्रांबरोबर जेवायला निघू नका. गर्दी ओसरते, रेसिडेंट साइड लॅबमध्ये सकाळच्या स्लाइड बघायला बसतात, आणि त्यांच्या शेजारचं स्टूल रिकामं असतं.